सातूची चानकी

यंदा पहिला बर्फ नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पडला. फार नाही, गवताची टोकं वर दिसत राहावीत एवढाच. ईडन प्रेरीत आम्हाला वीस वर्षं झाली, बर्फाचं कौतुक कधीच संपलेलं आहे. पहिला बर्फ दिसला की फावडं गॅरेजमध्ये कुठे टाकलंय ते आठवायचं, एवढंच उरलंय. त्या सकाळी समोरच्या घरातला माणूस पायजम्यावर जाडजूड कोट चढवून अंगणात उभा होता. हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला जेमतेम दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू. पिल्लू बर्फ हुंगत होतं, चाटत होतं, नाकात गेला म्हणून शिंकत होतं. ज्या कामासाठी त्याला बाहेर काढलं होतं ते सोडून सगळं करत होतं. बघणाऱ्याला हसू यावं असंच ते दृश्य होतं. मी पडदा ओढून घेतला.

दोन वर्षांपूर्वी त्या माणसाच्या जागी मी होतो. सकाळी सहाला, उणे पंधरात, बुटांच्या नाड्या न बांधता. नाकातले केससुद्धा गोठायचे. पायाशी मऊ पिवळसर लॅब्रेडॉर, आणि मी आपला मंत्र म्हटल्यासारखा म्हणतोय, "गेट बिझी, बार्ली. गेट बिझी." शू-शीसाठी हाच शब्द वापरायचा असा संस्थेचा नियम होता. मला त्या थंडीतही मौज वाटायची. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगांमध्ये लोक मला सभ्य भाषेत हेच तर सांगत असतात. बार्ली मात्र लगेच बिझी व्हायचा आणि मग मान वर करून बघायचा, की बघ, केलं की नाही.

तो आमचा नव्हता. अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. ती आठ आठवड्यांची पिल्लं घरोघरी सांभाळायला देते. वर्षभर आपण त्यांना माणसांत राहायला शिकवायचं आणि मग परत द्यायचं. खरं शिक्षण त्यानंतर. आमच्या इराने हे सगळं एकटीने शोधलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अर्ज भरला, मुलाखत दिली, आणि शेवटी आमच्या सहीपुरता कागद टेबलावर ठेवला. "आय रिअली वाँट धिस, बाबा," म्हणाली. त्याआधीची दोन वर्षं ती माझ्याशी बोलायची ते ‘फाइन’, ‘नथिंग’ आणि ‘व्हॉटेव्हर’ एवढ्या तीन शब्दांत. त्यामुळे चार शब्दांचं वाक्य ऐकून मी वाचायच्या आधीच सही केली.

ते पिल्लू जवळजवळ चार महिने आमच्याकडे राहिलं आणि मग संस्थेचे लोक घेऊन गेले. का नेलं, कुणामुळे नेलं, याचं एक उत्तर आमच्या घरात ठरून गेलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी.

त्याच हिवाळ्यात आई सांगलीहून आली होती. शहाणी माणसं आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे सगळं लांबलं आणि ती सप्टेंबरच्या शेवटी उतरली, सहा महिन्यांसाठी, दोन शालींच्या जोरावर. बार्ली तिच्यामागून आठच दिवसांनी आला. नावाचा अर्थ काय, तिने विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे सातू की!" ती म्हणाली, आणि तिच्यापुरतं त्याचं बारसं तिथेच झालं. इरा वैतागायची, "आजी, डोन्ट कन्फ्यूज हिम, प्लीज." पण तो कन्फ्यूज वगैरे काही होत नव्हता. दोन्ही नावांना ओ द्यायचा आणि दोघींकडेही धावायचा.

फ्रिजवर नियमांचा कागद होता. सोफ्यावर चढू द्यायचं नाही. खेळताना चावला तर ओरडायचं नाही, खेळ थांबवायचा. बशी खाली ठेवली तरी ‘ओके’ म्हणेपर्यंत त्याने थांबायचं. आणि ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: माणसांचं खाणं नाही. एक घाससुद्धा नाही. कारणही पुढे लिहिलं होतं. हॉटेलात टेबलाखाली पडलेल्या तुकड्यासाठी जो कुत्रा वळेल, तो उद्या रस्ता ओलांडताना वळेल, आणि त्याच्या हातपट्ट्याला धरून एक माणूस चालत असेल.

आईने पहिल्याच दिवशी पोळ्या झाल्यावर परातीत उरलेल्या गोळ्याची चानकी लाटली. तळहाताएवढी, जरा जाडसर. तिच्या स्वयंपाकघरात ती रोज होते आणि दारातल्या कुत्र्याला जाते. ती त्याला दिल्याशिवाय तिने स्वतः ताट वाढून घेतलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिने चानकी निववली आणि सहज बार्लीकडे वळली. मी जिना उतरत होतो. "आई!" असा ओरडलो की पिल्लू टेबलाखाली शिरलं.

मग मी तिला सुनावलं. नियम, कागद, जबाबदारी, आंधळी माणसं, सगळं. "हे सांगली नाही, आई. इथे असं चालत नाही," हेही म्हणालो. हे वाक्य इथे राहणारा प्रत्येक मुलगा आपल्या आईला कधी ना कधी म्हणतो आणि म्हणताना स्वतःला फार शहाणा समजतो. आई एवढंच म्हणाली, "बरं बाबा. मला काय माहीत." ती चानकी तिने स्वतः खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ती कणीक अशी बेतून भिजवायला लागली की शेवटची पोळी लाटली की परात स्वच्छ. आयुष्यभराची सवय तिने एका रात्रीत मोडली. ते मी पाहिलं होतं. पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूने एवढीसुद्धा पळवाट नाही.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मला वासांनी आठवतात. पिल्लाच्या कपाळाला दुधाचा आणि जुन्या लोकरीचा मिळून एक वास यायचा. गालिचा पुसायच्या फवाऱ्याला खोट्या लिंबाचा. हीटिंगच्या जाळीपाशी आई पाय सोडून बसायची, तिच्या मोज्यांना कापराचा वास, आणि त्या मोज्यांवर हनुवटी टेकून तो झोपलेला. ती त्याला सांगलीच्या गोष्टी सांगायची. कोपऱ्यावरची बेकरी पाडली, शेजारच्या वहिनींनी गुडघे बदलून घेतले. तो कान हलवायचा. घरात तिचं एवढं मन लावून दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

इराच्या मनगटांवर त्याच्या दातांचे बारीक लाल ओरखडे असायचे. दुधाचे दात पडायला लागले तेव्हा एक तिला जिन्यात सापडला, तांदळाच्या कणीएवढा. तो तिने कानातल्यांच्या डबीत ठेवला. रोज शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता जमिनीवर बसायची. मुठीत त्याच्या खाण्याचे दाणे. मूठ उघडी, तरी त्याने झडप घालायची नाही. पहिल्या आठवड्यात तो मूठ कुरतडायचा. तिसऱ्या आठवड्यात उघड्या तळहाताकडे न बघता तिच्या डोळ्यांत बघायला लागला, आणि ही माझी ‘व्हॉटेव्हर’वाली पोर आनंदाने किंचाळली, "बाबा! डिड यू सी दॅट? बाबा!" जेवताना ती आता बोलायची. बार्लीने आज काय केलं यावरून सुरू व्हायची, मग शाळेवर यायची, मैत्रिणींवर यायची. मंजिरी, माझी बायको, हॉस्पिटलच्या फार्मसीतून दमून आलेली असायची. तीही चमचा हातात धरून ऐकत बसायची. मी तर श्वास रोखून ऐकायचो. मध्येच काही विचारलं तर बंद पडेल अशी भीती वाटायची.

आणि मी काय केलं? माझं काम घरूनच चालायचं. दुपारी मंजिरी कामावर, इरा शाळेत, आई जेवून वामकुक्षीला. मी एकटा खाली येऊन जेवायचो. बार्ली पायाशी बसायचा. भीक मागत नसायचा, ते खोटं बोलणार नाही, नुसता बघायचा. सकाळपासून चार मीटिंगा झालेल्या असायच्या आणि त्यांत माझ्याकडे कुणी काही मागितलेलं नसायचं. मी गैरहजर असतो तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. आणि इथे हा, पोळीच्या तुकड्याइतका माझ्यावर विश्वास टाकून बसलेला. डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस मी तूप लावलेल्या पोळीचा कोपरा तोडला आणि टेबलाखाली हात नेला. त्याची ओली जीभ बोटांना लागली. एवढ्याने काय होतं, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. मग अर्धी पोळी झाली, मग अख्खी. आईला मी एक पोळी जास्त ठेवायला सांगितली. तिला कोण आनंद! "थंडीनं भूक वाढली बघ तुझी," म्हणाली, आणि कणीक मूठभर जास्त भिजवायला लागली.

मोठमोठ्या प्रोजेक्टांचे नियम लिहिणारा माणूस मी. फ्रिजवरचा तो कागद त्याच खोलीत होता, माझ्या पाठीशी. म्हणून मी फ्रिजकडे पाठ करून बसत होतो.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. इराने बार्लीला हिरवं जाकीट घातलं. जाकीट घातलं की तो ड्यूटीवर, कुणी हात लावायचा नाही. ती काळी साडी नेसलेली, केसांत गजरा नाही पण हातात पट्टा, आणि तिच्या डाव्या पायाला चिकटून तो तोऱ्यात चालतोय. काकू लोक विचारत होत्या, ती मोडक्या मराठीत सांगत होती, "हा मोठा झाला की आंधळ्या लोकांना हेल्प करणार." मला फार अभिमान वाटला. मग जेवणं सुरू झाली. चार वर्षांची एक मुलगी बशीत गूळपोळी घेऊन समोरून गेली. तुपाचा वास. बार्लीने एका झेपेत बशी उडवली. मुलगी पडली, कपाळाला टेंगूळ आलं. त्या मुलीच्या आईचा आवाज चढला. इरा गुडघ्यांवर बसून काळ्या साडीच्या पदराने फरशी पुसत होती आणि "आय अॅम सो सॉरी" म्हणत होती. तो जिभल्या चाटत माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन तिने संस्थेला सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. "एवढं कशाला लिहितेस?" मी म्हणालो. "बिकॉज इट हॅपन्ड," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी संस्थेच्या डेब्राबाई आल्या. साठीच्या, शांत, बुटांवर कुत्र्याचे केस. म्हणाल्या, रोजच्यासारखे जेवायला बसा, मला नुसतं बघायचंय. मंजिरीची त्या दिवशी ड्यूटी होती. आईने पोळ्या केल्या. डेब्राबाई, इरा आणि मी टेबलाशी बसलो, आई तव्यापाशी. बार्ली उठला, टेबलाला वळसा घालून सरळ माझ्या खुर्चीशी आला आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने हनुवटीने गुडघा हळूच दाबला.

"इथे कुणीतरी त्याला भरवतंय," डेब्राबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "या खुर्चीवर नेहमी कोण बसतं?"

इराने माझ्याकडे बघितलं. त्या तीन महिन्यांत ती माझ्याकडे बघायला लागली होती. तीच नजर होती ती. आणि मी इंग्रजीत म्हणालो, दुपारी मी वर काम करत असतो. आई इथे एकटी जेवते. आमच्याकडे शेवटची पोळी कुत्र्याला द्यायची पद्धत आहे. "इट्स अ कस्टम. शी मीन्स वेल."

सरळ, सभ्य आवाजात म्हणालो. बोलून झाल्यावर पाणीही प्यालो.

इरा आजीकडे वळली. आईला इंग्रजी कळत नाही. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय असं वाटून ती डेब्राबाईंकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "विचार की त्यांना, चहा घेणार का."

दहा दिवसांनी त्याला नेलं. दुसऱ्या घरी एक अनुभवी जोडपं होतं, तिथे कदाचित सवय सुटेल, असं सांगितलं. इराने त्याची चादर, चावायचं रबरी हाड आणि जाकीट स्वतः पिशवीत भरलं. गाडीत बसवताना ती त्याला "स्टे" म्हणाली आणि तो बसून राहिला, अगदी शिकवल्यासारखा. गाडी वळेपर्यंत त्याचं डोकं मागच्या काचेत दिसत होतं. ती आत आली, आणि आई तिला जवळ घ्यायला उठली तेव्हा मागे सरकली. शब्द जुळवत जुळवत, चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुझ्यामुळे गेला तो, आजी. तू त्याला पोळी दिली."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. जास्तीच्या पोळ्या तिनेच लाटल्या होत्या. तिला कळायला काय वेळ लागणार? मी जमिनीकडे बघत होतो. तिथे त्याच्या पाण्याच्या भांड्याचा गोल डाग राहिला होता. आई म्हणाली, "चुकलं बाई माझं."

त्यानंतर आई आठ आठवडे आमच्याकडे होती. इरा तिच्याशी बोलली नाही. उद्धटपणा नाही केला. ताट पुढे सरकवायची, दार उघडायची, ‘थँक यू’ म्हणायची. आई जाळीपाशी पाय सोडून एकटी बसायची. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं. रोज इरा जेवताना माझ्याशी दोन वाक्यं बोलायची आणि त्या दोन वाक्यांसाठी मी गप्प राहायचो. हे नीट लिहायला हवं. मी घाबरट होतो हे खरं, पण लोभीही होतो. एअरपोर्टवर व्हीलचेअरमध्ये बसताना आईने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवत जा नीट." मला त्यात टोमणा शोधायचा होता. टोमणा नव्हताच.

बार्लीची सवय सुटली नाही. पुढच्या वर्षी इराला पत्र आलं. संस्था त्याला ‘नापास’ म्हणत नाही, ‘करिअर चेंज’ म्हणते. तो त्या जोडप्याकडेच पाळीव म्हणून राहिला. कुणा एका अंध माणसाचा कुत्रा होता होता राहिला तो, माझ्या चमचाभर तुपामुळे. इराने पत्र वाचून त्याची घडी घातली आणि पुन्हा कधी पिल्लाचं नाव काढलं नाही. आईला पुन्हा ये म्हणून मी दोनदा म्हटलं. "आता नको रे तो लांबचा प्रवास," म्हणाली. इराला म्हटलं, आजीशी फोनवर बोल. ‘हाय आजी, बाय आजी’ झालं. या ऑगस्टमध्ये इरा ॲन आर्बरला शिकायला गेली. तिच्या खोलीत कानातल्यांची डबी आहे. मी ती उघडून बघितलेली नाही.

तर यंदाचा बर्फ पडला त्या दुपारी मी तिला फोन केला. ती बसस्टॉपवर होती, वारा ऐकू येत होता. मी मराठीत सुरू केलं आणि मराठीतच संपवलं, कारण हे इंग्रजीत बोललो असतो तर पुन्हा सफाईदार झालं असतं. बस आली असावी, दार उघडल्याचा आवाज आला, ती चढली नाही.

"डज आजी नो?" तिने विचारलं.

"हो."

"द होल टाइम?"

"हो."

"अँड शी सेड सॉरी टू मी."

बस निघून गेल्याचा आवाज आला. "ओके, बाबा," ती म्हणाली. ‘फाइन’, ‘नथिंग’वाला तो जुना आवाज, फक्त आता पुरा मोठ्या बाईचा. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. त्या संध्याकाळी मी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. हाय-हॅलो नाही काही.

"कशाला सांगितलंस रे तिला?"

"आई, किती दिवस ठेवायचं होतं खोटं? तुझ्यावर नसता आळ—"

"माझ्यावर होता ना? मी काही म्हटलं तुला? पोर तासभर रडली फोनवर. सॉरी आजी, सॉरी आजी, दुसरा शब्द नाही. तुला हलकं व्हायचं होतं, झालास. तिनं काय करायचं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत आई थांबली.

"अरे, माझ्यावरचा राग बरा होता," ती म्हणाली. "मी आज आहे, उद्या नाही. माझ्याबरोबर गेला असता तोपण. आता तुझ्यावर धरून बसलीय ती. आणि तुला अजून पुष्कळ जगायचंय."

काल इराचा मेसेज आला. थँक्सगिव्हिंगला ती घरी येत नाहीये. कारण लिहिलेलं नाही. रविवारी आजीला फोन करणार आहे, तिकडे किती वाजता केला तर बरं, एवढं विचारलंय. मी वेळ कळवली आणि खाली ‘काळजी घे, बाळा’ असं लिहिलं. तिने वाचलंय, एवढं फोन सांगतो.